थोरलीचा हिजाब

"आपा, यावर जरा इस्त्री फिरव गं. पेपरवाला मुलाखतीला येईलच इतक्यात." हिजाब थोरलीच्या मांडीवर टाकून धाकटी आरशाकडे वळली.

वीज तासापूर्वीच गेली होती. तरी इस्त्री तापली. थोरलीच्या पोटात असा काही जाळ पेटला होता, की त्यावर अख्ख्या गल्लीचे कपडे इस्त्री होऊन निघाले असते.

कारणही तसंच. परदेशातल्या बँकेत साहेबानं धाकटीला हिजाब काढायला सांगितला. ती कोर्टात गेली, जिंकली. माहेरी आल्यापासून घरात कौतुक करणाऱ्यांची रीघ. हिजाब शिवला कुणी? थोरलीनं. स्वतः जन्मभर तसाच डोक्यावर घेऊन ती मशीन चालवत होती. तिला बघायला मात्र कधी मांजरही थांबलं नव्हतं.

पेपरवाला आला, खिडकीशी खुर्ची मांडून बसला.

"तिथं सगळे म्हणायचे, बिचारीवर घरच्यांनी लादलंय," धाकटी सांगत होती. "मी म्हटलं, माझं मी ठरवलंय."

पेपरवाल्यानं चहा आणणाऱ्या थोरलीकडे पाहिलं. "आणि तुम्ही का घेता?"

"आपाला काय विचारताय?" धाकटी हसली. "ती पहिल्यापासूनच घेते."

"जबरदस्ती होती का?"

"छे. अम्मीनं बांधला, मी शाळेत गेले." थोरली थांबली. "कुणी विचारलंच नाही."

"मग आता मी विचारतो."

थोरलीनं हातातला ट्रे खाली ठेवला. धाकटीला जगानं विचारलं होतं, साहेबानं, जज्जानं. थोरलीचं खरं दुखणं हेच होतं.

"थांबा जरा," म्हणून ती आतल्या खोलीत गेली. कडी लावली. हिजाब सोडून खाटेवर ठेवला. मानेला वारा लागला. पिकलेल्या केसांची ती बाई आरशात तिच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. असंच बाहेर जावं? कोण अडवणार होतं?

"आपा, काय करतेयस?"

"ठरवतेय."

"काय?"

वेळ गेला, खूप गेला. मग तिनं हिजाब उचलला, घडी सरळ केली, एकेक टाचणी स्वतः जागा बघून लावली आणि कडी काढली.

"तो गेला गं," धाकटी कप आवरत म्हणाली. "त्याला घाई होती. फोटो छान आलाय माझा. तुला काय सांगायचं होतं?"

"आता काही नाही."

थोरली खिडकीशी गेली, पेपरवाल्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. फोटोला बसावं तशी.