शाफ्ट निमुळता का होतो?

माधवनगरात लालासाहेबाच्या वर्कशॉपात आकाराम मिस्त्रीची मती पार गुंग झाली होती. उसाच्या चरकाचा शाफ्ट लेथवर लावावा, जिवापाड जपून कातावा आणि मोजायला जावं तर एक टोक जाड, दुसरं बारीक! एकदा झालं तर माणूस म्हणेल, चुकलं असेल. पण दसऱ्यापासून निघेल तो शाफ्ट निमुळता. याला काय म्हणायचं?

बरं, करायचं काय शिल्लक ठेवलं होतं त्यानं? हत्याराला धार लावली. पट्टा ताणला. बेअरिंग कसलं, सैल केलं, पुन्हा कसलं. शाफ्टचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक सरकवून पाहिला, तर लांब शाफ्ट जरा सुधारला आणि आखूड लावल्याबरोबर पुन्हा ये रे माझ्या मागल्या! लष्करात तोफांचे भाग कातलेला हा गडी, पण आता स्वतःच्या बोटांकडं संशयानं बघायला लागला. "हात गेलं गं माझं," असं बायकोला, अंजनाला, सांगूनही बसला.

लालासाहेब तसा माणूस वाईट नव्हता, पण त्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती. "मिस्त्री, उद्या साताऱ्याचा टर्नर बोलावलाय. आज एक शाफ्ट सरळ निघाला तर तुमीच ऱ्हावा. न्हाईतर माझा इलाज न्हाई."

आकाराम मटकन खाली बसला आणि तेव्हा त्याला दिसलं, की लेथखालच्या ताटातलं, हत्यार गार ठेवणारं साबणपाणी एकाच कोपऱ्यात साचतंय. एरवी ते ताटभर पसरायचं. त्यानं वाकून उलट्या, उंच झालेल्या बाजूचा पाय पाहिला. पायाखालून तांब्याच्या पैशाची कड डोकावत होती, कुंकवासकट.

आणि गंमत बघा, खंडेनवमीच्या पूजेला पहार लावून तो पाय उचलला होता खुद्द आकारामनंच! मालकाच्या आईनं, चंद्राबाईनं, लक्ष्मी टिकावी म्हणून पैसा आत सारला होता आणि सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले होते. एक पाय वर गेला, लेथच्या अंगाला पीळ बसला आणि हत्यार शाफ्टला समांतर सरकेनासं झालं. पण देवाच्या नावानं केलेल्या गोष्टीवर कोण संशय घेणार?

चंद्राबाईला बोलावून पैसा काढू का म्हणून विचारलं. म्हातारी उसळलीच. "बसलेली लक्ष्मी उपटतोस व्हय रं? धंदा बुडवायचाय?"

आकाराम काकुळतीला आला. "आईसाब, न्हाई काढत. पर बाकीच्या तीन पायांनी काय घोडं मारलंय? त्यास्नी बी एकेक लक्ष्मी द्या की!"

म्हातारीला हे पटलं. तिनं देव्हाऱ्यातून तांब्याचे पैसे आणले. आकारामनं जाडीला जुळणारे तीन निवडले, पायांखाली सारले आणि शाफ्ट लावला.

लालासाहेबानं स्वतः मोजला. हे टोक, ते टोक, मध्ये, पुन्हा हे टोक. "सरळ हाय की गा! मिस्त्री, त्या साताऱ्याच्या गड्याला नगं म्हणून कळवतो."

आकाराम हसेल असं मालकाला वाटलं होतं. तो तर ढसाढसा रडायला लागला.

"आवं, रडायला काय झालं?"

"अंजना सकाळीच आटपाडीला निघाली, मालक. भावाकडं काम मागायला. जलमात कुणापुढं हात पसरला न्हाई तिनं, आन् आज माझ्यापायी..."

"यस्टी दुपारची हाय. ती अजून सांगलीच्या स्टँडवरच आसंल. पळा!"

आकाराम तेलकट हातानंच सांगलीच्या रस्त्याला लागला.