दापोड्याची कमळाबाई

कमळाने खाडीतल्या निवट्या मासळीवर राख टाकली आणि परात पुढे ओढली, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं. धोतर, डोक्यावर टोपी, हातात नायलॉनची पिशवी. म्हातारा आत येत नव्हता आणि हाकही मारत नव्हता. नुसता तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"कोन पायजे?"

"कमळाबाई तुम्हीच ना?" असं म्हणून त्याने स्वतःच मान हलवली. "तुम्हीच. फोटोत हाव तशाच हाव."

आतल्या खोलीत भाविकची बोटं कीबोर्डवर थांबली.

"कंचा फोटो?" कमळाने विचारलं.

"कंप्युटरवरचा. आमच्या पुतणीनं दावला." म्हाताऱ्याने चपला फाटकाबाहेरच काढल्या, ओट्यापर्यंत आला आणि तिला काही कळायच्या आत खाली वाकला. कमळा राखेचे हात मागे घेत उठली. बापाच्या वयाचा माणूस आपल्या पाया पडतो आहे, हे तिला सहन झालं नाही. तिने त्याला ओट्यावर बसवलं, हात धुतले आणि पाण्याचा तांब्या आणायला आत आली. दाराच्या आड उभ्या असलेल्या मुलाकडे तिने फक्त एकदा पाहिलं.

भाविक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा बसलाच नव्हता. शेतांवर गोदामं उभी राहिल्यापासून गावातली त्याच्या वयाची पोरं एकतर गोदामात ड्युटीला लागली होती, नाहीतर काकामामाच्या टेम्पोवर. भाविकला दोन्ही नको होतं. धामणकर नाक्यावरच्या एका सायबर कॅफेत त्याने अ‍ॅफिलिएट मार्केटिंगबद्दल पहिल्यांदा वाचलं. माल दुसऱ्याचा, पान आपलं. आपल्या पानावरच्या लिंकवरून कुणी माल मागवला की त्यातला वाटा आपला. माल ठेवायला जागा नको, हमाल नको, कुणाच्या पुढेपुढे करायला नको. जमीन विकून आलेल्या पैशातून केसरीनाथने, म्हणजे त्याच्या बापाने, त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि गावभर सांगितलं की पोरगा इंटरनेटवर धंदा करतो.

नवा माणूस करतो त्या सगळ्या चुका त्याने केल्या. कॅमेऱ्यांच्या लिंका लावल्या, आणि त्याला स्वतःला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. जिथे चार लोक काही बोलत असतील तिथे जाऊन लिंक चिकटवून यायचा, मग लोकांनी त्याला हाकलून लावलं. भावकीतल्या ज्याचा ज्याचा ईमेल होता त्याला तो दर आठवड्याला लिंका पाठवत राहिला, शेवटी चुलतभावाने लग्नात सगळ्यांसमोर हात जोडून दाखवले. एकदा स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी पेनड्राइव्ह मागवला, ते नियमात बसत नव्हतं, आणि त्या कंपनीने खातंच बंद केलं. वर्षभर हे असं चाललं. बाप विचारायचा बंद झाला होता.

मग त्याच्या लक्षात आलं की मराठीत हे कुणी करतच नाही. मराठीत लिहिलेलं पान शोधणाऱ्याला लगेच सापडतं. मालही त्याने या वेळी नीट निवडला, म्हणजे ज्यात वाटा सगळ्यात मोठा तो. साखरेच्या आजारावरचं चूर्ण. त्याचा डबा त्याने कधी हातात धरला नव्हता. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या एका लेखात म्हटलं होतं, लोक मालावर विश्वास ठेवत नाहीत, माणसावर ठेवतात. म्हणून त्याने आईचा फोटो लावला. चुलतबहिणीच्या हळदीत त्यानेच काढलेला, मोठं कुंकू लावून हसणाऱ्या कमळाचा. त्याखाली लिहिलं, 'माझ्या आईची गोष्ट. गोळ्या सोडल्या, सुईला नाही म्हटलं, आणि आज ती शेतावर जाते.' खरं वाटावं म्हणून नाव दिलं आणि नावापुढे गाव.

कमळाला साखर कधीच नव्हती. आणि त्यांना आता शेतही नव्हतं.

पण ते पान चाललं. पहिला चेक आला तेव्हा त्याने तो देवापुढे ठेवला. कमळाने आळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, पोराचं नशीब उघडलं.

बाहेर म्हातारा पाणी पिऊन बोलायला लागला होता. नाव सावळाराम. वाड्याच्या पुढे गाव. बायको आनंदीबाई, तिला कितीतरी वर्षांची साखर. पुतणीने कॉलेजात कमळाबाईची गोष्ट वाचली आणि घरी येऊन वाचून दाखवली. आनंदीबाईने ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली, इतकी की तिला ती तोंडपाठ झाली. चूर्ण मागवलं. गोळ्या चुलीत टाकल्या.

"खुश होती हो," सावळाराम म्हणाला. "गोळ्यांनी तिला मळमळायचं. मंग भाताच्या लावणीत पायाला काटा गेला. एवढासाच काटा. आता ठाण्याला दवाखान्यात हाय. डाक्टर म्हनतो, पाय ऱ्हात न्हाय. आन् सुई घेऊन साखर उतरल्याबिगर पायाला हातबी लावता येत न्हाय. ती सुई घेत न्हाय."

"का?" कमळाने विचारलं.

"म्हनते, दापोड्याच्या कमळाबाईनं न्हाय घेतली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. भाविक रागाची वाट बघत होता. राग आला असता तर त्याला बाहेर जाता आलं असतं.

"तुमचा इस्वास हाय तिला. आमचा कुनाचा न्हाय. एकडाव येऊन सांगा तिला, सुई घे म्हनून. तुमचं ऐकंल. भाड्याचं मी बघतो."

कमळा आत आली. भाविक भिंतीला टेकून उभा होता.

"तू लिवलंस?"

"हो."

"माझ्या नावानी?"

त्याने मान हलवली.  तिने खुंटीवरचं धुतलेलं लुगडं काढलं, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, आणि कुंकवाची डबी हातात घेऊन तशीच थांबली. मग विचारलं, "फोटोत मोठं होतं का बारकं?"

"आये, मी सांगतो त्यांना. आत्ता सांगतो."

"इचारलं ते सांग."

"मोठं."

तिने कुंकू मोठं लावलं.

नाक्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे ठाण्याची एसटी. सावळाराम पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून बसला. आईच्या शेजारी बसलेला भाविक वाटेत दोनदा म्हणाला, की तिथे गेल्यावर आपण खरं सांगून टाकू. दुसऱ्यांदा कमळाने खिडकीतून नजर न काढता विचारलं, "खरं आयकून ती सुई घेईल का?"

भाविकने पुढच्या सीटवरच्या टोपीकडे बघितलं.

"मंग गप ऱ्हा."

वॉर्डात आनंदीबाई शेवटच्या खाटेवर होती. बाई लहानखुरी, पायावर चादरीचा तंबू केलेला, त्याच्या खालून वास येत होता. तो वास लपवायला कुणीतरी उशाशी मोगऱ्याचा गजरा ठेवला होता. कमळाला बघताच तिने उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा दोन्ही हात पुढे केले. कमळाने ते हातात घेतले.

"आल्यासा," आनंदीबाई म्हणाली. "मी ह्यांना म्हनलं, त्या येतील. कोनाची तरी आई हाय, येईलच."

भाविक खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. त्याने गजऱ्याकडे बघितलं.

"हा तुमचा मुलगा? ज्यानं लिवलं?"

"हां," कमळा म्हणाली.

"लई ग्वाड लिवलं रं बाबा." आनंदीबाईने त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या मनगटाला हात लावला. हात तापलेला होता. "आमच्या पोरानं माझ्यावर कधी चार शब्द न्हाय लिवले."

कमळा खाटेच्या कडेला बसली. तिने इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"आनंदीबाय, सुई घ्या. मी बी घेतंव."

आनंदीबाईचा चेहरा एकदम लहान झाला. "मंग तितं तसं का लिवलं?"

भाविकने तोंड उघडलं. कमळाने त्याच्याकडे बघितलं नाही, नुसता हात आडवा केला.

"आदी बंद केली व्हती. मंग तरास झाला. पुन्ना सुरू केली. पोराला सांगितलं न्हाय, त्याला वाईट वाटंल म्हनून."

"रोज?"

"रोज."

"कुठं घेता?"

 कमळाने डाव्या दंडाला हात लावला. "हितं."

"बघू."

कमळाने पदर सरकवला, चोळीची बाही वर ओढली. मांसल, गव्हाळ दंड. त्यावर लहानपणी गोंदलेली तुळस, हिरवट पडलेली, आणि बाकी सगळी कातडी स्वच्छ. आनंदीबाईने तिथे बोट फिरवलं. वरून खाली, मग परत वर. आजाराच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः सुया घेतल्या होत्या. सुयांनी दंड कसा होतो ते तिला ठाऊक होतं. बराच वेळ ती त्या दंडाकडे बघत राहिली, मग कमळाच्या तोंडाकडे, मग पायथ्याशी उभ्या असलेल्या भाविककडे. भाविकने या वेळी नजर खाली नेली नाही. न्यायला हवी होती, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं.

नर्स ट्रे घेऊन आली.

"काय मावशी, आज तरी घेणार का?"

आनंदीबाईने कमळाची बाही स्वतःच्या हाताने खाली केली, नीट केली. मग आपला दंड पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "या बाई यवढ्या लांबून आल्यात."

सावळाराम भिंतीकडे तोंड करून टोपीने डोळे पुसत होता. त्याला बाकी काही दिसलं नव्हतं. परत निघताना त्याने कमळाच्या हातात शहाळं दिलं आणि रिक्षापर्यंत सोडायला आला. तो सारखा म्हणत होता, तुमच्यामुळं झालं, तुमच्यामुळं झालं.

घरी आल्यावर भाविकने ते पान काढून टाकलं. मागची सगळी पानंही काढली. कमळा निवट्यांची परात घेऊन मोरीत बसली. त्यांना आता वास यायला लागला होता, तरी तिने त्या सगळ्या साफ केल्या आणि मग उकिरड्यावर नेऊन टाकल्या.

आनंदीबाईचा पाय गुडघ्याच्या वरून काढला. तो सावळारामचा पहिला फोन. दुसरा फोन आला तेव्हा कमळा घरात नव्हती, भाविकनेच घेतला. म्हातारा म्हणाला, "तिनं शेवटपर्यंत सुया घेतल्या हां. कमळाबाईंना सांगा." दहाव्याला कमळा एकटीच गेली. तिथे तिला बायकांच्या पुढे बसवलं, आणि जो येईल त्याला सांगितलं, की या त्याच. फोटोतल्या.

भाविक गोदामात लागला. शिफ्ट ड्युटी, बिल्ला, खोक्यांवर चिकटवायचे नंबर.   दिवाळीनंतर पुतण्याच्या लग्नात व्हिडिओवाला दिवा घेऊन बायकांकडे वळला, तेव्हा कमळाने डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि तो पुढे जाईपर्यंत तशीच बसून राहिली.

उन्हाळ्यात एका रविवारी त्याने बऱ्याच महिन्यांनी कॉम्प्युटर चालू केला. सहज म्हणून, की भीती होती म्हणून, त्याने साखर आणि चूर्ण असे दोन शब्द टाकले. पहिल्याच पानावर आई हसत होती. हळदीतला तोच फोटो. शब्द त्याचेच, चुकलेल्या वेलांटीसकट. फक्त खाली नाव होतं 'राहीबाई, चोपडा'.

त्याने त्या पानाच्या मालकाला लिहिलं. लिहिता लिहिता सगळंच लिहून गेला. काटा, चुलीत टाकलेल्या गोळ्या, काढलेला पाय, दहावा. लिहिलं, की मीही असाच नवीन होतो, मलाही वाटलं होतं कुणाचं काय जातं. शेवटी लिहिलं, 'हा फोटो माझ्या आईचा आहे. कृपा करून काढ.'

उत्तर संध्याकाळीच आलं.

'दादा, माफ करा. मी यात नवीनच आहे. तुमच्या आई आहेत हे माहीत नव्हतं, नेटवर सापडला म्हणून घेतला. दुसऱ्याच्या आईचा फोटो लावायला नको होता, चुकलं माझं. लगेच काढतो.'

आतून कमळाने जेवायला हाक मारली. भाविक म्हणाला, आलो. त्याने ते उत्तर पुन्हा वाचलं. आनंदीबाईबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तरी पोराने ऐकलं होतं. एवढं तरी झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सकाळी ड्युटीला निघण्याआधी त्याने ते पान उघडून बघितलं. पोराने शब्द पाळला होता. कमळाचा फोटो तिथे नव्हता, 'माझ्या आईची गोष्ट' मात्र तशीच होती. त्या जागी दुसरी एक बाई होती, अंगणात उभी, सारवणाचे हात अंगापासून दूर धरलेले. ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी फोटो काढणाऱ्याकडे बघून ती हसली होती. घरच्याच कुणाकडे तरी बघून माणूस हसतं, तशी.