चांगुणाचं बिननावाचं घंगाळ

"सरक की बाई पुढं! कवाधरनं घागर कडंवर घेऊन हुभी हाय मी. आन् हिच्या हातात बघावं तर वाटीसुदिक न्हाई. रांग कशाला अडवायची मग?"

झुंबरबाई मागून पुटपुटली, पण इतक्या जवळून की चांगुणाच्या मानेला वाफ लागली. चांगुणा सरकली.

शहात्तर सालची गोष्ट. शिरूरहून दौंडला जाणारी एसटी मांडवखेडात नगरपालिकेपुढंच थांबायची. त्या दिवशी उतरलेल्यांना वाटलं, नळाला पाणी आलंय. सगळं गाव हंडे-कळशा घेऊन रांगेत उभं. पण पायरीवर नळ नव्हता, बन्सी बसला होता, भांड्यांवर नावं घालणारा, छन्नी-हातोडी घेऊन. नगरपालिकेनं चोऱ्यांचा बंदोबस्त मनावर घेतला होता. ठराव झाला होता की भांड्यांवर फुकट नावं घालायची. ज्याचं नाव त्याचं भांडं. बिननावाच्या भांड्याची तक्रारच घ्यायची नाही.

चांगुणाचं घंगाळ गेलं होतं. तांब्याचं, आईनं दिलेलं, एक कडी तुटली म्हणून पितळेची बसवलेली. त्यात तिनं चार पोरं न्हाऊ घातली, आणि निम्म्या आळीच्या बाळंतिणींचं पाणीही त्यातच विसणलं. वैशाखात सोपानरावांच्या लेकीच्या हळदीला ते मागून नेलं. सोपानराव नगरपालिकेचे मेंबर. चांगुणा त्याच नगरपालिकेचं आवार झाडणारी. नाही कसं म्हणणार? लग्न उरकलं, मांडव उतरला, घंगाळ काही आलं नाही. दोनदा ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या खेपेला सोपानराव कळवळले, "चोरीला गेलं गं! गावात चोऱ्या लईच वाढल्यात. कायतरी केलंच पायजे आता."

आणि केलंच त्यांनी. आठवड्यात चोरी प्रतिबंधक समिती उभी राहिली. अध्यक्ष सोपानराव.

आळीत चोरी हा शब्द कुणी काढत नव्हतं. "राह्यलं आसंल त्यांच्याकडं," म्हणायचे. जसं काही घंगाळ पाहुणचाराला गेलं होतं.

तिची पाळी आली. टेबलामागून कारकून आनंदराव म्हणाले, "भांडं?"

"चोरीला गेलंय. त्येच लिवायला आले."

"नाव होतं त्याच्यावर?"

"न्हाई."

"मग मालक कोण?"

"मी की!"

"ते भांड्याला कुठं ठावं हाय? आन् ज्याला मालकच न्हाई त्याची चोरी हुईल कशी, मावशी? तुम्ही असं करा, भांडं घिऊन या. नाव घालू. मग खुशाल चोरीची तक्रार द्या."

हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की चांगुणानं मान डोलावली आणि मग कपाळाला हात लावला. आनंदरावांच्या मागं फळा होता. 'या महिन्यातील चोऱ्या' असं लिहून खाली हे एवढं शून्य काढलेलं, आणि शून्याला झेंडूचा हार.

तेवढ्यात हलगी वाजली. मोहिमेच्या सांगतेला अध्यक्षांनी स्वतःच्या घरचं भांडं आणायचं ठरलं होतं. पुढं सोपानराव, मागं फोटोवाला, त्याच्यामागं गडी, आणि गड्याच्या डोक्यावर घंगाळ. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. एक कडी पितळेची.

ह्याच घंगाळातल्या पाण्यावर तीन बाळंतपणं काढलेल्या झुंबरबाईनं आपल्याच घागरीत डोकावून बघायला सुरुवात केली, आत काही पडल्यासारखं. आनंदराव खडू घेऊन शून्य पुन्हा गिरवू लागले.

"घंगाळं काय, समदी सारकीच दिसत्यात," कुणीतरी कुणी न विचारता म्हणालं.

बन्सीनं घंगाळ मांडीवर घेतलं. कडीवरून अंगठा फिरवला. ती त्यानंच बसवली होती.

"कुणाचं नाव घालू?"

"आता आमच्या घरच्या भांड्यावर काय तुजं घालतो?" सोपानराव हसले. फोटोवाल्यानं त्यांना आणखी हसायला सांगितलं.

बन्सीनं छन्नी टेकवली. हातोडी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. "बघा बरं," तो म्हणाला, "एकदा घातलं की निघत न्हाई." बोलला सगळ्यांना, बघत होता चांगुणाकडं.

चांगुणा दोन पायऱ्या चढली. पदर नीट केला. छन्नीच्या टोकापुढं तांब्यावर हात पसरला.

"सोपानमामा," ती म्हणाली, "घंगाळ माजं हाय. आन् चोर तुमी हाय."