शेगडीमागची भिंत

रंगाऱ्याच्या घरी गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्ची नंतर मिळायची, आधी स्वयंपाकघरातली भिंत दाखवली जायची. शेगडीच्या मागची, सायीच्या रंगाची, चकचकीत. "इथं रोज तळण होतं बरं का," तो छाती फुगवून म्हणायचा, "एक डाग दाखवा. शोधा, शोधा, भिंग आणा हवं तर." गिऱ्हाईक भिंतीवरून हात फिरवायचं, बोटं हुंगायचं आणि काम देऊन जायचं. त्या वेळी त्याची बायको तिथंच कांदा चिरत उभी असायची. तिच्याकडे कुणी बघायचं नाही. बघायचं कशाला? ती काही विकायला नव्हती.

आज ती दारापाशी स्टुलावर बसली होती. पायाशी कपड्यांची पिशवी, उजव्या मनगटाला पट्टी. धाकटी बहीण तिला न्यायला निघाली होती. "परत कधी येशील?" असं रंगाऱ्याने सकाळपासून दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने पिशवीची चेन उघडून पुन्हा लावली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं.

झालं होतं ते असं. तळताना कढईवर ठेवायला तिने जाळी मागितली होती. पिठाच्या चाळणीसारखी, दांड्याची. दुकानात त्याने ती हातात घेतली, उजेडाला धरली आणि परत ठेवली. जन्मभर फवाऱ्याने रंग मारलेला माणूस. एवढ्या भोकांतून काय काय बाहेर पडेल ते त्याला पाठ. त्याने काचेचं जाड, घट्ट बसणारं झाकण आणलं आणि हुकूम सोडला, "तळताना हे ठेवायचंच." ती म्हणाली, "आणि वाफ कुठं जाईल?" तो म्हणाला, "ते मी बघतो."

काय बघणार होता, डोंबल! वाफेचे थेंब झाकणाला आतून लगडले. मासा उलटायला तिने ते उचललं, आणि सगळं पाणी तापल्या तेलात ओघळलं. तेल उसळून तिच्या मनगटावर आलं. किंकाळी ऐकून तो धावत आला आणि त्याने आधी भिंतीकडे पाहिलं.

क्षणभरच. मग हात नळाखाली धरला, दवाखान्यात नेलं, औषधं आणली, सगळं रीतसर केलं. पण तो एक क्षण तिने पाहिला होता. तो आता त्या पिशवीत कपड्यांखाली घडी करून ठेवला होता.

"जायच्या आधी जेवून जा," तो म्हणाला. "मासा आणलाय. मी तळतो."

"तुम्ही?"

"त्यात काय एवढं? तेल, आग आणि मासा."

"कोरडा करून घ्या."

"धुतलाय की स्वच्छ!"

"मी धुवायचं नाही म्हणत, पुसायचं म्हणतेय."

पण आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं खाल्लेल्या माणसाला कुणी सांगितलेलं आवडत नाही. त्याने आग मोठी केली, तेल धुरावलं, आणि निथळता तुकडा वरून सोडला. तेल फटाक्यांची माळ पेटावी तसं तडतडलं. एक थेंब हनुवटीवर, दोन बोटांवर. "आई गं!" करून तो उडी मारून मागे सरला, पार फ्रिजला जाऊन टेकला. शेगडीपाशी कुणी उरलं नाही आणि तेलाने थेट भिंत गाठली. पिवळे ठिपके, लांब ओघळ. त्याचं दुकानच बसलं म्हणा ना.

"आग बारीक करा आधी!" ती स्टुलावरून म्हणाली.

त्याने हात लांब करून आग बारीक केली. मग भिंतीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तळण झालं आणि इथं एक शिंतोडा नाही. मग तो जायचा कुठं?

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवर उघडा होता. कोपरापासून मनगटापर्यंत फिके ठिपके. काही जुने, त्वचेत विरलेले, काही अजून तांबूस. पांढऱ्या रंगाच्या दहा छटा तो डोळे मिटून सांगायचा. ही नक्षी रोज ताट वाढताना त्याच्या नाकासमोरून गेली होती. एकदा त्याने विचारलंही होतं, आणि "वयाचे डाग" एवढं ऐकून तो पुढच्या घासाकडे वळला होता.

"तू हात आडवा धरायचीस," तो म्हणाला.

"एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताने ताट आडवं. ताट पुरायचं नाही. तुमच्या भिंतीची राखण कोण करणार होतं? तुमचा रंग?"

त्याने स्वतःच्या बोटांवरचे दोन तांबडे ठिपके पाहिले.

"एक सांगा," ती म्हणाली. "ओल्या भिंतीवर रंग मारता का तुम्ही?"

"छे! ओल आत कोंडली की पोपडे धरतात. ओलीला आधी वाट द्यावी..." तो मध्येच थांबला. गिऱ्हाइकाला हेच तो घसा ताणून सांगायचा. ओट्यावर काचेचं झाकण पडलं होतं, घट्ट, जाड, महागाचं.

त्याने रंगकामाच्या पेटीतून कोरं सुती फडकं काढलं आणि दुसरा तुकडा टिपून घेतला, काचेची चौकट पुसावी तसा, कडांनीसुद्धा.

"आता काठावरून, आपल्यापासून पलीकडे झुकवून सोडा. आणि पुढं या हो! मासा कोरडा असला की कढई चावत नाही."

तुकडा तेलात गेला आणि नुसता कुजबुजला.

तेवढ्यात मेहुणी आत आली, चपला काढता काढता ओरडलीच, "भावोजी! भिंतीला काय देवी आल्या?"

"इथं तळतात," रंगारी म्हणाला.

"उद्या गिऱ्हाइकाला काय दाखवाल?"

"हीच भिंत. म्हणेन, रंग माझा होता. बाकी सगळं हिचं होतं."

मेहुणीने बहिणीचा चेहरा पाहिला आणि ताटं घ्यायला लागली.

तिघं जेवली. पहिला तुकडा करपला होता. तो त्याने स्वतःच्या ताटात घेतला. जेवण झाल्यावर बायको उठली, पिशवी डाव्या हातात घेतली. त्याने ती धरायला हात पुढे केला, तिने दिली नाही. निघताना ती भिंतीपाशी थांबली. एका ओघळावर नख घासलं. त्याने घाईने फडकं पुढं केलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "आणि जाळी आणून ठेवा. लांब दांड्याची. आल्यावर लागेल मला."

मेहुणीच्या मागून ती जिना उतरली. त्याने पुन्हा विचारलं नाही. फडकं धुऊन वाळत घातलं, काचेचं झाकण माळ्यावर टाकलं, आणि भांड्यांचं दुकान बंद व्हायच्या आत चपला घातल्या.