बोटावरची साखर

कामोठ्यातल्या त्या मंगल कार्यालयात सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लग्न नव्हतं, जलानंद महाराजांचा दरबार होता. महाराज मधुमेह पाण्यात उतरवून देत, तेही सगळ्यांदेखत साखर मोजायचं मशीन लावून.

"चारशे बारा!" वैजयंतीकाकूंच्या बोटाला टोचून शिष्य ओरडला. हॉलभर 'अरे बापरे' झालं. काकूंनी तोच उजवा हात घंगाळातल्या तीर्थात बुडवला.

"डॉक्टर सुई देतो, गोळी देतो, शेवटी किडनी घेतो!" महाराज गरजले. "मी काय घेतो? फक्त तुमची साखर! उतर गं बाई, उतर!"

शिष्याने हात पुसून त्याच बोटाला पुन्हा टोचलं. एकशे अठरा. टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

सौरभ हे मोबाइलवर टिपत होता. 'आपलं कामोठे' हे त्याचं चॅनल. सेक्टरमधल्या उघड्या गटारावर वर्षभर कुणी झाकण टाकलं नव्हतं. सौरभने व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत बसलं. तेव्हापासून लोक त्याला पत्रकार म्हणत आणि स्वारी जरा हवेत होती. घरी येऊन त्याने चाळीस मिनिटांचं शूटिंग एका मिनिटावर आणलं. आरती कापली, रांग कापली, प्रसाद कापला. कंटाळवाणं कोण बघतंय? एक शब्दही त्याने पदरचा घातला नाही. संध्याकाळपर्यंत नऊ लाख लोकांनी ते पाहिलं.

सौरभच्या शेजारच्या दारातल्या वैजयंतीकाकूंनीही पाहिलं. पंधरा वर्षं त्या इन्सुलिनवर होत्या. त्यांचे यजमान दिलीपकाका म्हणाले, "डॉक्टरला विचारू तरी." काकूंनी मोबाइल पुढे केला. "अहो, न्यूजमध्ये आलंय. आपला सौरभ खोटं दाखवेल का?"

त्यांनी सुई बंद केली. पाचव्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी शुद्ध हरपली, सातव्या दिवशी त्या गेल्या.

सौरभची मोठी बहीण दीक्षा वाशीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. स्मशानातून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सगळं फुटेज दाखव. तू कापलेलं पण."

कापलेल्या भागात काकू प्रसाद घेत होत्या. उजव्या हातावर पातळसर, चिकट गूळ. त्यांनी तो चाटला आणि हात भक्तिभावाने केसांवरून फिरवला. प्रसादाचा हात लगेच धुवायचा नसतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिष्याने नेमकं त्याच हाताचं बोट धरलं.

"थांबव," दीक्षा म्हणाली. तिने मशीन आणलं आणि सौरभचं धुतलेलं बोट टोचलं. ब्याण्णव. बोटाला गूळ चोळून टोचलं. तीनशे सत्त्याऐंशी. नळाखाली धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. पंच्याण्णव.

"काकूंची साखर आधीपासूनच कंट्रोलमध्ये होती, इन्सुलिनमुळे. पाण्यात उतरली ती बोटावरची."

"ताई, मी प्रसादच कापला."

"हो," दीक्षा म्हणाली. तिने त्याची समजूत घातली नाही, घालण्यासारखं काही नव्हतंही.

रविवारी पुन्हा दरबार भरला. सौरभने लाइव्ह सुरू केलं. बघणारे जेमतेम दोनशे. दीक्षा मंचावर चढली. "महाराज, आज आधी सगळ्यांचे हात साबणाने धुवा, मग टोचा."

"प्रसादाचा अपमान!" शिष्य किंचाळला.

दीक्षाने पहिल्या रांगेतल्या गंगारामभाऊंचं गुळाचं बोट टोचलं. तीनशे साठ. "आयला, मला तर शुगरच नाय!" भाऊ उभेच राहिले. दीक्षाने बाटलीतल्या साध्या पाण्याने बोट धुतलं. एकशे चार. महाराज एकदम ध्यानात गेले आणि जरा वेळाने मागच्या दाराने पसार झाले. तरीही चारपाच जणी घंगाळातलं पाणी बाटल्यांत भरून घेत होत्या.

दिलीपकाका पुढे आले. सौरभची मान खाली गेली.

"वर बघ," काका म्हणाले. "तुझ्यामुळे गटार झाकलं गेलं, ते मी विसरलो नाय. पण हातात फोन आला म्हणून चौकशी करायची जबाबदारी सुटत नाय, बाळा. धर तो माझ्यावर."

सौरभने फोन काकांकडे वळवला.

"बघणाऱ्यांनो, चमत्कार दिसला तर आधी विचारा, त्याच्या अगोदर काय झालं? कुणी तपासलं? कळेपर्यंत पुढे पाठवू नका. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका." ते फोनच्या आणखी जवळ आले. "माझ्या बायकोने सोडलं. मी समोर बसलो होतो, आणि मीसुद्धा तो व्हिडिओ सतरा जणांना पाठवला."