फळ्यांखालची राखणदार

या, जरा पुढे सरका. मागच्या बाकावरून गोष्ट ऐकू येते, पण अंगाला लागत नाही. एका जुन्या चर्चमधल्या खजिन्याच्या शोधाची गोष्ट सांगतो. ऐकताना शेजारच्याचा हात धरावासा वाटला तर खुशाल धरा.

ते चर्च गावाहूनही जुनं. भिंती अशा जाड की आत भर दुपारीही संध्याकाळ. मुलांना त्याचा कोपरा न् कोपरा माहीत व्हावा म्हणून पाळकांनी खेळ मांडला होता. एका चिठ्ठीवरून दुसरी शोधायची, शेवटी खजिना. खजिना म्हणजे गोळ्यांचा डबा आणि त्याला एक राखणदार. राखणदारानं सापडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.

राखणदार ठरली शिंपिणीची सहा वर्षांची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणत.

"ही गप्प बसणार?" आई हसली. "झोपेतसुद्धा भांडते ती."

"बसेल," मावशी म्हणाली. मावशी म्हणजे शिंपिणीची थोरली बहीण. चर्चची झाडलोट तिच्याकडे, आणि भिंगरीला लपवायचं कामही तिच्याकडेच. "काय गं, आईनं हाक मारली तर?"

"ओ द्यायची नाही. आई फसवायला बघेल."

मुलं शेवटच्या चिठ्ठीवरून घंटेच्या जिन्याखाली पोचली, तर तिथं नुसती कोळिष्टकं.

"तिथं नाहीच ठेवलं मी तिला," मावशी म्हणाली. "त्याहून झकास जागा सुचली."

"कुठली?" पाळकांनी विचारलं.

मावशीनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"ताई, थट्टा पुरे."

"थट्टा नाही गं. हाताला धरून नेलं तिला. डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिची मांडी दिसतेय मला. जागा दिसत नाही."

गेले काही महिने मावशीकडून दूध उतू जायचं, किल्ली दारालाच राहायची, आणि घरचे हसून सोडून द्यायचे. आज कोणी हसलं नाही.

वेदीमागे पाहिलं, झग्यांच्या कपाटात पाहिलं, बाकांखाली पाहिलं. शिंपीण हाका मारत होती आणि त्या भिंती तिचा आवाज तिलाच परत करत होत्या. तेवढ्यात दुरुस्तीला आलेला सुतार पुढे झाला.

"वहिनी, गाणाऱ्यांचा चौथरा सकाळपासून उघडा होता. कुजक्या फळ्या काढल्या होत्या. दुपारी नव्या ठोकल्या."

"आत पाहिलंत?"

"हाक मारली. कोणी आहे का आत, म्हणून. कोणी बोललं नाही."

शिंपीण फळ्यांवर पालथी पडली. सुतारानं हातोडा उचलला, पण पाळकांनी त्याचं मनगट धरलं. चौथऱ्याखालची पोकळी पार भिंतीपर्यंत जाते आणि मध्येच जुनी विहीर आहे, तिला कठडा नाही. डोक्यावर पुन्हा ठोकाठोकी सुरू झाली आणि पोर घाबरून आत सरकली तर?

"भिंगरे, खेळ संपला. बाहेर ये. नको, नको, हलू नकोस. नुसती ओ दे."

काही नाही.

"राजा, आई आहे गं."

फळीला कान लावला तर तिला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू येत होती. पोर सांगितलं तशी गप्प बसली आहे, की आता गप्पच झाली आहे? हे कोणाला विचारायचं?

मावशी तिथंच जमिनीवर बसली होती. भीतीनं तिचा जबडा कापत होता, आणि त्या कापऱ्या आवाजात ती गायला लागली. ठरवून नव्हे, लहानपणी अंधारात गायची, तशी. तिथले पाळक प्रवचन गाऊन सांगतात, आणि वादळात सापडलेल्या प्रभूच्या होडीचं ते प्रवचन गावात पाळण्यातल्या पोरालाही पाठ.

"वारा सुटला, लाटा उठल्या, पाणी होडीत शिरलं गं. धनी माझा… धनी माझा…"

पुढचं येईना. तिथं एक रीत आहे. गाणाऱ्याला ओळ आठवली नाही तर ज्याला येते त्यानं ती लगेच द्यायची. प्रार्थनेत ज्या पोरांना गप्प बसवलेलं असतं, तीही ओळ देतात, आणि त्याला कोणी बोलणं म्हणत नाही. पण आज सगळ्यांच्याच जिभा टाळूला चिकटल्या होत्या.

"धनी माझा…"

"उशीवर डोकं ठेवून निजला," फळ्यांखालून वैतागलेला आवाज आला. "मावशी, एवढंपण येत नाही तुला?"

शिंपीण फळीला ओठ टेकवून म्हणाली, "आहेस तिथंच बस. आणि बोलत राहा."

"पण मी बोलायचं नाही ना?"

"आता बोलायचं. थांबायचंच नाही."

भिंगरी डब्यातल्या गोळ्यांचे रंग सांगत राहिली. सुतार त्या आवाजामागे रांगत गेला आणि एकेक खिळा पकडीनं, आवाज न करता, उपटत गेला. फळी निघाली तेव्हा ती डबा कवटाळून बसली होती, आणि तिच्या पायाच्या बोटांपुढे विहिरीचा काळोख होता.

"काका, तुम्ही हाक मारलीत तरी मी बोलले नाही," ती ऐटीत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खजिना नीट लपवताय."

सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शिंपिणीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. शेजारी मावशीही उठली, पोरीच्या केसांतली कोळिष्टकं काढत म्हणाली, "सापडली बाई एकदाची. कुठं होती गं?"

शिंपिणीनं बहिणीकडे पाहिलं. रागवायला म्हणून उचललेला हात तिनं बहिणीच्या खांद्यावर ठेवला आणि मग बराच वेळ तो काढलाच नाही.

आता मावशीला घरची वाटही दुसऱ्यानं दाखवावी लागते. रात्री दिवा मालवताना प्रार्थनेत तिची आठवण ठेवा. नाव माहीत नसलं तरी चालेल. भिंगरीची मावशी म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळेल.