खांब खाणारा कोण?

मुकुंदवाडीच्या कीर्तनमंडपाचा लाकडी खांब बुडाशी भुसभुशीत झाला होता. खाली बीळ होतं, त्यात उंदीर शिरतानाही दिसला होता, त्यामुळं मंडप सांभाळणाऱ्या मुंजाबानं सगळा आळ उंदरावर घेतला. बुवा रंगात येऊन नाचले अन् छप्पर खाली आलं तर? एकादशीला त्यानं विषाची पुडी बायकोच्या हाती देऊन कणकेच्या गोळ्या करून घेतल्या, बिळाशी मांडल्या आणि हरिनामात न्हाऊन घरी गेला.

सकाळी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जाहेदाबाई फोटो घेऊन दारात आल्या. "मामा, असा उंदीर काल मंडपामागं दिसला. ही जात आता संपत आलीय. तुम्ही बघितला का कधी?"

तपकिरी पाठ, पांढरं पोट. तोच तो! मुंजाबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, लई मोठं पाप झालं माझ्या हातनं," म्हणत तो मंडपाकडं धावला. बाई मागोमाग.

बिळाशी एकही गोळी उरली नव्हती.

खांब दुरुस्तीला आलेला करीम सुतार तिथंच उकिडवा बसला होता. "क्या मुंजाबा, चूहे को कायकू बदनाम करते? दात की निशानी दिखाओ!" त्यानं पटाशी टेकवली तशी लाकडाची ओली ढेपळं सुटली. आत पांढरी बुरशी, मागच्या अंगाला कानाएवढ्या आळंब्या. वरून छप्पर गळत होतं.

"उंदीर कुरतडतो तेव्हा आवाज होतो, कडा खरवडलेल्या दिसतात," बाई म्हणाल्या. "या बुरशीला दात नाहीत. गुपचूप खाते. अन् ओल्या लाकडावर पाहिजे तेवढी उगवते."

मुंजाबा मटकन खाली बसला. पाहिजे तेवढी उगवणाऱ्या बुरशीनं खांब खाल्ला आणि जे मोजके उंदीर उरले होते त्यांना आपण विष चारलं! रोज कीर्तनात भूतदया ऐकून काय उपयोग झाला?

तेवढ्यात झाडायला म्हाळसाबाई आली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं काय झालं ते विचारून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"आवं, एकादशीला मी कणकेला हात लावते व्हय? शाबूच्या केल्या, दाण्याचं कूट घालून."

"अन् पुडी?"

"पुडी हाय तशीच. देवाच्या दारात, त्येबी एकादशीला जीव मारायचा? तुम्हाला सांगितलं असतं तर वरडला असता."

मुंजाबाला हसावं की रडावं कळेना. त्यानं तिथल्या तिथं विठ्ठलाला हात जोडले, मग बायकोलाही जोडले. करीम म्हणाला, "भाभी, चूहे को बी उपवास कराया तुमने!"

बाई डोळे पुसत हसत होत्या. मुंजाबा मात्र उठून शिडी आणायला गेला. गळतं कौल आधी बदलायचं होतं.